तळ्याच्या खतातलं अळू

कमळाचं नाव काढून कुणी भाषण सुरू केलं की माझं डोकं फिरतं. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे अशा भाषणांना मला पहिल्या रांगेत बसवतात आणि उठून जाताही येत नाही. माझ्या माहेरच्या वसाहतीमागे एक तळं आहे. त्याच्या काठी मांडव घातला होता, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि पाहुणे माइक धरून सांगत होते की चिखलात राहूनही कमळ कसं निर्मळ राहतं, माणसाने सोसायला झाडांकडून शिकावं. टाळ्या पडल्या. त्या तळ्यात कमळ नव्हतंच. जलपर्णी होती, काठाला पाणकणीस होतं, आणि पाइपांच्या तराफ्यांवर लावलेली कर्दळ होती.

झाडाला सोसायची हौस नसते हो. त्याला पाय नसतात. माणसाला एक जागा सोसवेना झाली तर तो बिऱ्हाड हलवतो, दोन स्टेशनं पुढे जातो. झाड जिथे रुजलं तिथलंच पाणी पितं, मग त्या पाण्यात काहीही असो. त्यात निकेल असेल तर निकेल, शिसं असेल तर शिसं. त्यातून जगायचं तर काहीतरी करावं लागतं, म्हणून ते करतं. त्याचं कौतुक जरूर करावं, पण त्याची आरती करणाऱ्या माणसाने आधी पाण्यात कोण काय सोडतं ते विचारावं. पाहुण्यांनी ते विचारलं नाही. त्यांना पुढे मालाडला दुसरा कार्यक्रम होता.

माझं माहेर मालाडच्या पुढे, खाडीच्या बाजूला. बैठ्या घरांची वसाहत, मागे नाला, नाल्यापलीकडे कारखान्यांचे गाळे. नाला तळ्यात येतो, आणि तळ्याचं जास्तीचं पाणी पुढे खाडीला जातं. गिरणी बंद पडल्यावर माझे बाबा त्यातल्याच एका गाळ्यात लागले. नळ, बिजागऱ्या, सायकलींची हँडलं यांना चकाकी चढवायचं काम होतं. पितळेचा नळ टाकीत बुडवला की चांदीसारखा होऊन बाहेर यायचा. आम्हाला लहानपणी वाटे, आपले बाबा जादूगार आहेत. टाकीतलं पाणी निकामी झालं की मालक सांगे आणि बाबा संध्याकाळी घरी निघायच्या आधी व्हॉल्व्ह फिरवून ते नाल्यात सोडत. नाला कधी पिवळा दिसे, कधी हिरवा. पिवळा दिसला की आम्ही भावंडं म्हणायचो, आज बाबांनी क्रोम केलंय. हिरवा असला की निकेल. इतर मुलांना बाप काय करतो ते तोंडाने सांगावं लागे, आम्ही नाला दाखवायचो.

बाबांच्या बोटांना भोकं पडली होती. सांध्यांजवळ, नखांच्या कडेला, टाचणीने कोरल्यासारखे खोल गोल खड्डे. आई रोज त्यांत कोमट खोबरेल भरायची, त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची आणि एका शब्दाने काही बोलायची नाही. नंतर त्यांना खोकला लागला तो सुटलाच नाही. डॉक्टरांनी दमा म्हटलं. बाबा बिडी ओढत, त्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं, गाळ्याच्या मालकाचं तर फारच. बाबा गेले तेव्हा अस्थी आम्ही खाडीत सोडल्या. वसाहतीतले सगळे तिथेच सोडतात.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते काही बाबांमुळे नाही. मार्क तेवढेच होते. पण पाण्यातली झाडं आणि धातू हा विषय वाचायला घेतला तेव्हा पहिल्या पानावरच मला नाला दिसला, हे खरं आहे.

आणि अळू आईचं. आई मालवणाकडची. गावात प्रत्येक घरामागे न्हाणी असते, आणि न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू असतं. कुणी मुद्दाम लावत नाही, तिथे अळू नसेल तर ते घर अपुरं वाटतं. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं सगळं पाणी अळू पितं आणि सुपाएवढी पानं देतं. त्या पाण्यात राख असे, शिकेकाई असे, फार तर मातीचा गाळ. अळवाने घाण प्यावी आणि घराला भाजी द्यावी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार होता, आणि तो कुणी कधी मोडला नव्हता. आई मुंबईला आली, चाळीत राहिली, मग या बैठ्या घरात आली, तेव्हा तिने आधी काय पाहिलं असेल तर मोरीचं पाणी मागे कुठे जातं ते. मागे हातभर रुंदीची पट्टी होती. गावाहून आणलेला कंद तिने तिथे लावला.

ते अळू वर्षभर डाळीत पडे, फतफत्यात पडे, वड्यांना जाई. पण त्याचा खरा मान ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं. नांगर न लागलेलं, हाताने पेरलेलं, आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. अळू, माठाचे देठ, भोपळा, शिराळं, मक्याचं कणीस, सुरण, सगळं एका टोपात, कांदालसूण नाही, वर ओलं खोबरं, आणि सोबत वरीचा भात. बाजारच्या भाजीवर आईचा विश्वास नव्हता. भाजीवाली शपथेवर सांगायची, "मावशी, बैल नाही लागला, ट्रॅक्टर लागला." आई त्यावर विचारात पडायची, कारण ट्रॅक्टरबद्दल ऋषींनी काही सांगितलेलं नाही. शेवटी बाकीचं कसंही असो, अळू तरी आपल्या मोरीमागचं, यावर तिचं मन शांत व्हायचं.

या व्रताचा मला राग आहे. बाईच्या विटाळाचं पाप धुवायला सांगितलेलं व्रत आहे हे. बाईने कधी कुठे शिवलं, काय शिवलं, याची वर्षाकाठी फेड. मी आईला तोंडावर सांगितलेलं आहे. आई म्हणायची, "तू भाजी खा, कथा ऐकू नको." आणि मी दर वर्षी मुलुंडहून शहराच्या दुसऱ्या टोकाला फक्त त्या भाजीसाठी जात असे. ती तशी दुसरीकडे मिळत नाही.

तळ्याची योजना आली ती वसाहतीच्या सेक्रेटरींच्या डोक्यातून. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, उत्साही, मनाने वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडायला मजा आली असती. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की पाण्यातली झाडं पाण्यातलं विष ओढून घेतात. वसाहतीची माहेरवाशीण आणि वर बॉटनीची बाई म्हणून मला मीटिंगला बोलावलं.

मी तयारी करून गेले होते. तळ्यातल्या जलपर्णीची मुळं माझ्या ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या प्रयोगशाळेत तपासून दिली होती. निकेल होतं, क्रोम होतं, आणि शिसंही होतं, कारण आता त्या गाळ्यांत जुन्या बॅटऱ्याही फोडतात. मी लोकांना समजेल असं सांगितलं. म्हटलं, जलपर्णीच्या त्या काळ्या दाढ्या असतात ना मुळांच्या, धातू आधी तिथे अडकतो. पिवळा क्रोम मुळाशी पोचला की बराचसा मवाळ होतो, ही तर झाडाची खरी कमाल आहे. जे आत शिरतं त्याला झाड मोकळं फिरू देत नाही. गंधक असलेले बारीक रेणू तयार करतं, ते धातूला धरून ठेवतात, आणि मग त्याला पेशीतल्या एका कोठडीत नेऊन कोंडतं. कोवळ्या पानाकडे जाऊ देत नाही. काही झाडं तर म्हाताऱ्या पानांत भरतात, आणि ती पानं पिकून गळतात. पण एक लक्षात घ्या. झाड धातू खातं, पचवत नाही. धातू पचत नसतो. तो फक्त जागा बदलतो. म्हणून झाडं वेळच्या वेळी काढावी लागतील, त्यांची वेगळी विल्हेवाट लावावी लागेल, आणि मुख्य म्हणजे वरून गाळ्यांचं पाणी बंद—

"मॅडम," सेक्रेटरी म्हणाले, "झाडं विष शोषतात ना? हो की नाही, एवढंच सांगा."

"हो, पण..."

"झालं तर मग!"

माझं 'पण' सतरंजीवर तसंच पडून राहिलं. चहा आला.

झाडांनी आपलं काम केलं, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पाणी निवळलं. वास कमी झाला. एक बगळा आला, त्याचे इतके फोटो निघाले की तो बिचारा कंटाळून उडून गेला असेल. वसाहतीला कुठलीशी ढाल मिळाली. गाळ्यांचं पाणी येतच राहिलं, कारण गाळ्यांशी भांडायला कुणी जाणार नव्हतं. वसाहतीतल्या निम्म्या घरांतली माणसं अजून तिथेच कामाला जातात. तळं साफ करायला झाडं आहेत म्हटल्यावर उलट मालक निर्धास्त झाले. पूर्वी ते अंधार पडायची वाट बघायचे.

तराफे भरले की कर्दळ उपटायची, जलपर्णी ओढून काढायची. काठावर हा मोठा ढीग. आता हे वाया कसं जाऊ द्यायचं? मराठी माणसाला वाया गेलेलं बघवत नाही, शिळ्या पोळीचा कुस्करा करणारी जात आपली. बागेच्या कोपऱ्यात खड्डे खणले आणि खत केलं. ढीग कुजला, पाणी उडालं, डोंगर होता त्याचा गुडघाभर उंचीचा काळा मऊ थर झाला. दूध आटवलं की खवा होतो, तसं. पानं कुजतात, देठ कुजतात. शिसं कुजत नाही.

ते खत पिशव्यांत भरून घरोघर फुकट वाटायचं ठरलं. कळल्यावर मी सेक्रेटरींना फोन केला.

"मॅडम, तुम्ही फारच निगेटिव्ह बोलता यार. लोक खूश आहेत. गुलाब बघा काय झकास आलेत."

"गुलाब कुणी खात नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

"मग पिशवीवर छापा तरी, भाजीला वापरू नये म्हणून."

त्यांनी पिशवी हातात घेतल्याचा आवाज आला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "पिशवीवर जागा नाही हो. कमळ मोठं आलंय."

मी लेखी दिलं, पोच मिळाली, पुढे काही नाही. आईला फोन करून बजावलं की तळ्याचं खत घ्यायचं नाही. "नाय गो," आई म्हणाली, "मी खंय घेतंय?" ती खोटं बोलत नव्हती. तिने नाहीच घेतलं.

आता माझ्या भावजयीबद्दल सांगायला हवं. माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. त्याने ऑफिसातल्या मुलीशी लग्न केलं. ती बौद्ध, घरचे विदर्भातले, वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. आईने लग्नाला विरोध केला नाही. आई विरोध करणारी बाईच नाही, ती गप्प राहून काम करते. सून घरात आली, तिच्या हातचा चहा आई प्यायची, रोजचा डाळभातही खायची. फक्त सणावाराच्या स्वयंपाकाला तिला हात लावू द्यायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ऑफिसातून दमान येता ती, दगदग कशाक?" इतकं गोड बोलायची की भांडणाला कुठे धरायचं तेच कळेना. भावजय दर सणाला बाहेरच्या खोलीत ताटं पुसत बसायची. एकदा मी भावाला म्हटलं, तू बोलत का नाहीस? तो म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. आईचं वय झालंय." आमच्या घरात सगळ्या अन्यायांना वय झालेलं असतं.

मग तिला दिवस गेले. आणि त्या वर्षी प्रथमच ती गणपतीला गावी गेली नाही. गणपती गावच्या घरी काकांकडे असतो, भाऊ एकटा गेला. आई पंचमीसाठी दर वर्षी इथेच राहते, यंदा सूनही तिच्याबरोबर राहिली. फोनवर मला म्हणाली, पंचमीक ये, सगळां हयसरच करतंय.

मी सकाळी पोचले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोघी समोरासमोर बसल्या होत्या. भावजय अळवाचे उरलेले देठ सोलत होती. टोप गॅसवर चढलेला, त्यात अळू शिजत आलेलं, सुरणाचा आणि भोपळ्याचा वास सुटलेला. तिचे हात अळवाने खाजून लाल झाले होते आणि आई तिचा एक एक तळहात आपल्या हातात घेऊन त्यावर चिंच चोळत होती. "सवय नाय मां तुका," आई म्हणत होती, "पुढच्या वर्षाक होतली." भावजय हसत होती. तिला वाढलेल्या पोटामुळे नीट वाकता येत नव्हतं, पण तिथून उठायचा तिचा बेत अजिबात दिसत नव्हता. मला दारातच भरून आलं. देवाधर्माशी माझं देणंघेणं नाही, तरी त्या क्षणी मी ऋषींचे आभार मानले असते.

पाय धुवायला मी मोरीत गेले आणि मागचं दार उघडलं. अळू कमरेच्या वर गेलं होतं. तसं अळू मी त्या पट्टीत कधी पाहिलं नव्हतं. पानं काळीभोर, जाड, पाण्याचा थेंब टिकत नव्हता. धातूने झाड खुरटतं, पानं पिवळी पडतात, असं मी मुलांना फळ्यावर लिहून देत आले. या झाडाच्या अंगावर एक डाग नव्हता. ते सांभाळून घेत होतं, उत्तम सांभाळून घेत होतं. त्याच्या बुंध्याशी माती काळी आणि मऊ होती. आणि धुण्याच्या दगडाखाली, तो हलू नये म्हणून, एक पिशवी घडी करून सरकवलेली होती. तिच्यावरचं कमळ खरोखरच मोठं होतं.

मी आत आले. "ते मागचं खत कुणी आणलं?"

भावजयीचा चेहरा उजळला. "मी आणलं ताई. आई म्हणत होत्या, अळू यंदा नीट येत नाही, पंचमीला कसं होणार. मग मी ऑफिसातून येताना वसाहतीच्या बागेतून दोन पिशव्या आणल्या. बघितलं ना कसलं आलंय?"

"सुनेन हाडल्यान," आई अभिमानाने म्हणाली. खताचं ती म्हणत होतीच, पण त्यापेक्षा सुनेचं म्हणत होती. खत तळ्याचं की आणखी कुठलं, हे तिने विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंही नसेल.

मी गॅस बंद केला. सांगितलं ते सरळ सांगितलं, कारण गोल बोलण्याची माझी जीभ नाही. हे खत तळ्यातल्या झाडांचं आहे, त्या झाडांनी शिसं ओढलेलं आहे, अळू पुन्हा ओढणार, आणि शिसं आईच्या पोटातून बाळाच्या पोटात जातं. ही भाजी तिने खायची नाही.

आईने हातातली चिंच खाली ठेवली. मग म्हणाली, "अळवाक काय जाता गो? तां घाणीतच वाढता."

"ही ती घाण नाही, आई."

"तूच सांगलंस ना मीटिंगीत, झाडां वीख खातत म्हणान? माका सेक्रेटरीन सांगल्यान."

"खातात. पचवत नाहीत. आत ठेवून देतात."

"चिंच घातलंय मी. आंबाडे घातलंय."

आता यावर काय बोलायचं? खाज चिंचेने जाते हे तिच्या आजीपासून सिद्ध झालेलं शास्त्र होतं. अळवात जे काही वाईट असतं त्याला आंबट हे उत्तर, आणि ते उत्तर कधी चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, खाज जाईल. शिसं चिंचेला घाबरत नाही." बोलताना माझा आवाज चढला होता. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

खरं सांगायचं तर त्या भाजीत किती होतं हे मला ठाऊक नव्हतं. खत कुणी तपासलं नव्हतं, अळू कुणी तपासलं नव्हतं. एका जेवणाने बहुधा काहीही झालं नसतं. पण त्या मागच्या पट्टीतून ती रोज भाजी खाणार होती, बाळंतपणात खाणार होती, कारण सासूने प्रथमच आपली म्हणून दिलेली भाजी कोण नाकारतं? आणि 'बहुधा' हा शब्द मी पोटातल्या मुलावर लावायला तयार नव्हते.

तेवढ्यात भावजय म्हणाली, "ताई, खाऊ द्या ना. थोडीशीच. आजच्या दिवस."

तिने ते इतकं हळू म्हटलं की मला आधी राग आला आणि मग सगळं कळलं. तिला शिसं समजलं होतं. ती शिकलेली मुलगी, मोबाइलवर गरोदरपणाचं सगळं वाचणारी. तिला शिशापेक्षा बाहेरच्या खोलीत परत जायची भीती जास्त होती. आज ताट परत गेलं तर पुढच्या वर्षी चिंच चोळायला आई तिचा हात हातात घेईल की नाही, याची तिला खात्री नव्हती. मलाही नव्हती. एवढं जपलेलं सोवळं आमचं. बैलाचा खूर लागलेला चालत नाही, बाईची सावली चालत नाही, अमक्याच्या मुलीचा हात चालत नाही. गाळ्यातलं शिसं मात्र मोरीपर्यंत आलं, अळवात शिरलं, टोपात शिरलं, त्याला कुणी म्हणून कुणी अडवलं नाही.

हे मी मोठ्याने बोलले. सगळं बोलले, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. भावजय रडायला लागली. आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने तिच्या पुढ्यातली देठांची परडी काढून घेतली आणि म्हणाली, "तू खाव नको. तुका दुसरां करतंय." आणि परडी बाजूला सारत, "हयसरच बस. उठा नको."

तिने वरीचा भात वाढला, दही वाढलं, केळं सोलून दिलं. केळं नांगराचं नसतं. स्वतःच्या हाताने पहिला घास कालवून तिच्या ताटात ठेवला. भावजय डोळे पुसत जेवू लागली. मला वाटलं, संपलं, निभावलं.

मग आई टोपाशी गेली. झाकण काढून तिने आत पाहिलं. "मगे ही आता टाकू खंय?"

मी म्हणाले, ओल्या कचऱ्यात. म्हणतानाच माझ्या लक्षात आलं की वसाहतीचा ओला कचरा त्याच खड्ड्यांत जातो आणि खत होऊन परत येतो. मागच्या पट्टीत पुरायची तर अळू तिथेच आहे. तळ्यात टाकायची तर झाडं आहेत, ती घेतील, आणि सेक्रेटरी ती काढतील. गाईला घालणं आईच्या मनात आलं असेल, तिने मान हलवून ते स्वतःच सोडून दिलं. मोरीत ओतली तर नाल्यात. मी आयुष्यभर हेच शिकवलं होतं की धातू नाहीसा होत नाही, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. उत्तर मला येत नव्हतं.

आईने आपलं ताट घेतलं. वरीचा भात घेतला, त्यावर डावभर भाजी वाढून घेतली, मग आणखी डावभर.

"आई, काय करतेस?"

"व्रताची हा. टाकूची नसता." ती जमिनीवर बसली. बसायला तिला आता भिंत धरावी लागते. "आणि तां पाणी तुझो बापूसच सोडी मां? मी कपडे धुतलंय त्येचे. माका म्हायत नाय काय?" तिने घास घेतला. "घरचांच हा. घरचां घराक इलां."

मी ताट ओढायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला केला, रागाने नव्हे, माशी वारावी तसा.

"माका आता काय होवचां रवला?" ती म्हणाली. "माझ्या पोटात रवात. माझ्यावांगडा मसणात जायत. मगे खंय कोणाक सापडूचां नाय."

भावजयीचा घास हातातच राहिला होता. आई सावकाश जेवत होती. माठाचे देठ चोखून ताटाच्या कडेला लावत होती, मक्याचं कणीस दोन्ही हातांनी धरून खात होती. ती भाजी नेहमी जशी खाते तशीच, चवीने. मला ओरडायचं होतं. सेक्रेटरींवर, गाळ्यांच्या मालकांवर, बाबांवर, कमळावर.

तिने रिकामं ताट पुढे केलं. "वाढ गो थोडी."

बाबांच्या अस्थी आम्ही खाडीत सोडल्या होत्या. आईच्याही तिथेच सोडू. तळ्याचं जास्तीचं पाणी त्याच खाडीला जातं, आणि भरतीला खाडी त्याच वाटेने मागे सरकत तळ्यापर्यंत येते. हे मी तिला सांगितलं नाही. मी उठले आणि तिला भाजी वाढली.